गाडगीळ, सुलोचना

(१९४४–२०२५). मोसमी पाऊस आणि त्यातील अवर्षण व अतिवृष्टी यांची कारणे शोधणाऱ्या भारतीय हवामानशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म पुण्याचा. हार्वर्ड विद्यापीठातून १९७० मध्ये पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत अल्पकाळ काम करून १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

तापलेली जमीन समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे ओढून घेते, ही इंग्रज शास्त्रज्ञ हॅले यांनी १६८६ मध्ये मांडलेली आणि पाठ्यपुस्तकांत मुरलेली उपपत्ती त्यांना अपुरी वाटत असे. कारण जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि दुष्काळी वर्षी तर ती सुकाळापेक्षाही अधिक तापलेली असते. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहचित्रांवरून दाखवले, की दोन्ही गोलार्धांतील वारे जेथे एकत्र येतात तो मेघपट्टा उन्हाळ्यात उपखंडावर सरकतो, आणि मोसमी पाऊस म्हणजे याच पट्ट्याचा पाऊस होय.

पावसाच्या टोकांचा दोष बराच काळ एल निनोवर, म्हणजे पूर्व व मध्य प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाच्या तापण्यावर, टाकला जात असे. पण १९९७ मध्ये एल निनो प्रबळ असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला, तर २००२ मध्ये तो तितका तीव्र नसताना जुलै कोरडा गेला आणि हंगामात सुमारे १९ टक्के तूट आली. गाडगीळ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचे उत्तर विषुववृत्तीय हिंदी महासागरात शोधले : तेथे ढगांची दाटी पश्चिमेस असली तर पावसाला पोषक, पूर्वेस सरकली तर मारक ठरते, त्यामुळे टोकाची वर्षे समजण्यास दोन्ही महासागरांचा एकत्रित विचार करावा लागतो. अर्थात ही मांडणी अखिल भारतीय सरासरीपुरती आहे. एकट्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी पावसात बुडालेली असताना येवला, सिन्नर ढगांकडे डोळे लावून बसतात, त्याचा उलगडा या सरासरीतून होत नाही.

शेतीविषयीचे त्यांचे काम तितकेच मोलाचे, पण अधिक दुर्लक्षित आहे. २००६ च्या लेखात त्यांनी सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह दाखवले, की तुटीच्या वर्षी धान्योत्पादन जेवढे घटते तेवढे चांगल्या वर्षी वाढत नाही. कारण पावसाचा भरवसा नसलेला कोरडवाहू शेतकरी खते व कीडनाशके यांवर पैसा घालण्यास धजत नाही. कर्नाटकातील पावगडच्या भुईमूग उत्पादकांशी चर्चा करून त्यांनी पेरणीच्या योग्य काळाचाही अभ्यास केला.