भांड्यावरचे नाव

नाशिकच्या भांडी बाजारात जुने पितळ मोडीला निघते तेव्हा काट्यावर मोजले जाते ते फक्त वजन. पण घागरीच्या गळ्याशी बारीक टोच्यांनी कोरलेली एक ओळ बहुधा असते. कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या लग्नात, कोणत्या गावी. सासरी वापरल्या जाणाऱ्या हंड्यावर माहेरच्या वडिलांचे नाव असते. मोठ्या पातेल्यावर ज्ञातीच्या पंचांचे नाव असते, म्हणजे लग्नकार्याची भांडी त्या समाजाने वर्गणीतून एकत्र विकत घेतलेली असतात. एका ओळीत नाते, देणेघेणे आणि ऐपत अशा तिन्हींचा पुरावा मिळतो. भांडे भट्टीत गेले की ती ओळही वितळते.

वस्तुसंग्रहालयातील अधिकाऱ्याला मराठीत आपण अभिरक्षक म्हणतो. शब्द जरा सरकारी आहे, पण अर्थाने नेमका आहे. सामाजिक इतिहासाच्या अभिरक्षकाने रक्षण करायचे ते मुख्यतः या ओळीचे. घागर काय, कोणीही सांभाळील. (पितळ चिंचेने लखलखीत घासू नये, असे असे अधिकारी सांगतात ते उगाच नव्हे. घासून घासून अक्षरेच आधी जातात.)

आपल्याकडे या कामाचा पाया एका कवीने घातला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) १९२०च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, दौती, वज्ऱ्या, विळ्या, फण्या, कोरीव दारे गोळा करीत राहिले. राजेरजवाड्यांच्या तलवारींना भाव होता त्या काळात स्वयंपाकघरातील वस्तूंकडे इतक्या आस्थेने पाहणारा माणूस विरळाच. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. बालवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि २०,०००हून अधिक वस्तूंचा हा संग्रह १९७५मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. असे संग्रह बव्हंशी वाड्यांतून आलेले असतात. ज्यांच्या घरी मडके होते त्यांचे मडके फुटले. ज्यांच्या घरी पितळ होते त्यांचे पितळ उरले. काय जपले जाईल हे अभिरक्षक येण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण येथे नावे जपण्याची एक जुनी व्यवस्था आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे गाव, कूळ, आजे-पणजे पिढ्यान्‌पिढ्या उतरवून ठेवले आहेत. आजोबांच्या हातची सही तेथे नातवाला पाहायला मिळते. संग्रहालयाची नोंदवही आणि ही वही शेजारी ठेवून पाहावी. एकीत वस्तू आहेत, धातू आहे, उंची आहे, अंदाजे शतक आहे, आणि माणसे नाहीत. दुसरीत माणसे आहेत, वस्तू नाहीत.

आणि दोन्हींच्या बाहेर राहिलेले लोक? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या चारही दारांवर सत्याग्रही बसले. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी उभा केलेला हा लढा सुमारे पाच वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. मूर्तिपूजक घडवणे हा आपला हेतू नव्हता, दलितांत चेतना यावी म्हणून हा मार्ग घेतला, असे बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४च्या पत्रात गायकवाडांना कळवले होते. पत्र आहे, तारखा आहेत. पण या इतिहासाची वस्तू कोणती? शाळेत बसण्यासाठी घरून नेलेले गोणपाट आणि शिपायाने उघडल्याशिवाय पाणी न मिळणारा नळ यांविषयी आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. ते गोणपाट कोणत्या संग्रहालयात असणार? आपल्या संग्रहालयांत दारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पाटीवर सागवान लिहिलेले असते, कोरीवकामाची शैली लिहिलेली असते. ते दार कोणासाठी बंद होते, हा रकाना त्या पाटीवर मी अद्याप पाहिलेला नाही.

हे काम साहित्याने केले, असे आपण वर्गात शिकवतो, आणि ते खोटे नाही. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) बलुत्यांच्या हक्कांची तपशीलवार नोंद आहे; तीच व्यवस्था तळातून कशी दिसते ते 'बलुतं'ने (१९७८) सांगितले. विहितगावचे बाबूराव बागूल याच जिल्ह्यातले. तरीही पुस्तकातील भाकरी आणि हातात धरता येणारी थाळी यांत अंतर आहे.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गाला मी घरातील एक वस्तू आणून तिची नोंद करायला सांगितले होते. छापील रकाने होते: वस्तू, माप, काळ, मूळ मालक. बहुतेकांनी तांब्ये, समया, पानदाने आणली. नावे घातलेली, वाचायला सोपी. एक मुलगा पोचे पडलेली जर्मनची थाळी घेऊन आला. तिच्यावर नाव नव्हते. त्याची आजी एका वाड्यावर कामाला जाई. तिला तेथे जेवण मिळे ते या थाळीत, आणि थाळी असे गोठ्याच्या भिंतीतील कोनाड्यात, तिच्यासाठी वेगळी ठेवलेली. काम सोडले त्या दिवशी आजी थाळी उचलून घरी घेऊन आली.

"सर, मूळ मालक म्हणून कोणाला लिहू?" त्याने विचारले.

मला उत्तर सुचले नाही. त्याने आधी वाड्याच्या धन्याचे आडनाव लिहिले होते. नंतर ते खोडून त्याच रकान्यात आजीचे पूर्ण नाव लिहिले, आणि कागद माझ्याकडे दिला.