प्रयोगशाळेच्या भिंतीवरून कलादालनाच्या दाराकडे

मुलाखतीसाठी वा परीक्षेसाठी दिल्लीत येणारे मराठी विद्यार्थी पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनात उतरतात आणि मोकळी संध्याकाळ मिळाली की अनेकजण जवळच्या जंतरमंतरकडे वळतात. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी उभारलेल्या तेथील सम्राट यंत्राची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. त्यामुळे क्षितिजाशी होणारा तिचा कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २८.६ अंश भरतो आणि तिच्या सावलीवरून सूर्याची वेळ वाचता येते. चित्रकाराला तीच वास्तू शिल्पासारखी दिसते. यंत्र एकच, पाहण्याच्या रीती दोन.

स्वतंत्र भारतात या दोन रीती एका छपराखाली आणण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न होमी भाभांनी केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली स्थापन झाली. दोनच वर्षांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उदयास आला. भाभा स्वतः उत्तम रेखाटने करीत. आधुनिक चित्रांना गिऱ्हाईक विरळा असण्याच्या त्या काळात त्यांनी नेहरूंच्या संमतीने संस्थेच्या निधीतील एक टक्का रक्कम कलेसाठी राखली आणि आरा, हेब्बर, नागपुरात जन्मलेले गायतोंडे अशांची चित्रे संस्थेत आणली. कुलाब्याच्या नव्या इमारतीतील भव्य भित्तिचित्रासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि ते काम हुसेन यांच्याकडे गेले. संशोधक समीकरणांत अडकला की व्हरांड्यात येई, तेव्हा समोर गायतोंडे असत!

तथापि या थोर योजनेला एक मर्यादा होती. सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला हा संग्रह संस्थेच्या फाटकाआड राहिला. तो पाहण्यासाठी आत प्रवेश असावा लागे. विज्ञान आणि कला शेजारी आल्या होत्या. नागरिक बाहेरच होता.

ते अंतर फार उशिरा कमी होऊ लागले. २००९ पासून याच संस्थेच्या वैज्ञानिकांनी ‘चाय अँड व्हाय?’ या उपक्रमातून जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये सर्वसामान्यांशी संवाद आरंभला. पुढे हा चित्रसंग्रह मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही मांडण्यात आला. आता बेंगळुरूची सायन्स गॅलरी तर विज्ञान व कला यांच्या संयुक्त प्रदर्शनांसाठीच उभी आहे.

अशा कार्यक्रमांत कला ही विज्ञानाच्या कडू गोळीवरची साखर ठरू नये. त्यांचे खरे मोल निराळे आहे. भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात ‘मला हे कळले नाही’ असे म्हणताना श्रोता संकोचतो. चित्रासमोर मात्र तो निःसंकोच थांबतो, शेजारच्याशी वाद घालतो, स्वतःचा अर्थ सांगू पाहतो. न कळण्यातून प्रश्नाकडे जाण्याची ही मुभा विज्ञानाचाही आरंभबिंदू आहे. आम्हा संशोधकांनाही तेथे परिभाषेची ढाल खाली ठेवावी लागते.

भाभांनी एक टक्का चित्रांसाठी राखला. आजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी तेवढाच वाटा आपल्या शहरातील कलादालनांत नागरिकांशी होणाऱ्या भेटींसाठी राखावा. म्हणजे पहाडगंजात उतरलेल्या विद्यार्थ्याला विज्ञान केवळ मुलाखतीच्या खोलीत भेटणार नाही. संध्याकाळी, ओळखपत्राविना, एखाद्या चित्रासमोरही भेटेल.