जुन्या मोटारीतील दोष : विक्रेत्याचे दायित्व
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात घेतलेल्या जुन्या गाडीचे इंजिन महिन्याभरात बसले, तर भरपाई विक्रेता कोण यावर ठरते. व्यापाऱ्याला मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मधील मालाच्या गुणवत्तेची गर्भित अट बांधते. मात्र खरेदीदाराने गाडी तपासली असल्यास, त्या तपासणीत दिसायला हवा असा दोष त्यातून वगळला जातो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार २ वर्षांच्या आत ठाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बेताच्या पगारात गाडी घेणाऱ्यांसाठी ही सवलत मोलाची आहे. खाजगी मालक ग्राहक कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. त्याने दोष मुद्दाम झाकला असेल, तर करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे ते कपट ठरते व दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे लपवाछपवी सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर असतो.