रंग, चव, वास

मदरशात वजूच्या पाण्याचे नियम शिकवताना मौलवीसाहेबांनी आमच्याकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या: पाण्याचा रंग, चव आणि वास. आम्ही देशावरचे हनफी. दहा हात लांब, दहा हात रुंद हौद असला की साचलेलं पाणीही आम्ही वाहत्या पाण्यासारखं धरतो. कोकणातले आमचे शाफई नातलग ‘कुल्लतैन’चा, म्हणजे दोन मोठ्या रांजणांच्या मापाचा हिशेब सांगतात. पण घाण पडून पाण्याचा रंग, चव किंवा वास पालटला, तर हौद कितीही मोठा असो, ते पाणी नापाक. यावर दोघांत वाद नाही.

ही कसोटी धार्मिक पाकीची आहे. तरी आपण सगळे, मुसलमान असो वा नसो, रोजच्या आरोग्यालाही तीच लावतो. पाणी नितळ दिसतं, वास नाही, मग चांगलंच असणार. गेल्या शतकात हा समज एका अनपेक्षित जागी खोटा ठरला. ती जागा म्हणजे इमारती थंड ठेवणारं पाणी.

पाण्याने वास्तू थंड ठेवणं आपल्याला नवं नाही. औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की आहे. तिथे हौदाच्या खाली मोठं दालन आहे आणि ते ऐन उन्हाळ्यातही गार असतं. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी चक्की फिरवून पुढे निघून जाई. एअर कंडिशनिंगच्या कूलिंग टॉवरमध्ये मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. इमारतीची उष्णता घेऊन ते गच्चीवरच्या टॉवरमध्ये येतं, तिथे थोडं वाफ होऊन उडतं, उरलेलं थंड होऊन परत खाली जातं. उडते ती निव्वळ वाफ. क्षार मागेच राहतात. पाणी जड होत जातं, नळ्यांत चुन्याचा थर बसतो, लोखंड गंजतं, गाळ साठतो. म्हणून ठरावीक वेळाने काही पाणी सोडून द्यावं लागतं, ताजं भरावं लागतं, थर व गंज रोखणारी आणि जंतू मारणारी रसायनं मोजून घालावी लागतात.

सुरुवातीला या कामाकडे यंत्र वाचवण्याचं काम म्हणूनच पाहिलं जाई. त्याच्याशी माणसाच्या जिवाचा संबंध आहे हे कळायला १९७६ साल उजाडलं. त्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. घरी परतलेले लोक तापाने आणि न्यूमोनियाने पडू लागले. संघटनेच्या सभासदांपैकी २९ जण दगावले. हॉटेलच्या आसपास वावरलेले इतर धरले तर आकडा ३४ होतो. हॉटेल त्याच वर्षी बंद पडलं. जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने डिसेंबरच्या सुट्टीत जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले आणि जंतू सापडला. जानेवारी १९७७ मध्ये तो जाहीर झाला. आज त्याला लीजनेला म्हणतात.

मग जुनी कोडी सुटू लागली. १९६८ मध्ये मिशिगनमधल्या पाँटियॅक गावी एका सरकारी इमारतीत १४४ जणांना अचानक ताप आला होता. कोणी मेलं नाही, पण तपासाला आलेले अधिकारीही आजारी पडले. एअर कंडिशनिंगच्या कंडेन्सरमधले तुषार हवेच्या मार्गात शिरत होते. साठवून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या नमुन्यांनी सांगितलं की जंतू हाच. आणि ती इमारत होती जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची!

हा जंतू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वाढतो. चुन्याचा थर आणि शेवाळी बुळबुळ ही त्याची लपायची जागा. शरीरात तो शिरतो ते मुख्यतः श्वासावाटे, पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून. पाण्याचा रंग तो पालटत नाही, चव नाही, वासही नाही. आमच्या तिन्ही कसोट्यांतून तो सहीसलामत पार होतो.

हे सगळं माहीत झाल्यावर, पाव शतकाने घडलेली गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ऑगस्ट २००२. इंग्लंडमधलं बॅरो-इन-फर्नेस हे जहाजबांधणीचं गाव. तिथे ‘फोरम २८’ नावाचं नगर परिषदेचं नाट्यगृह होतं. त्याच्या एअर कंडिशनिंगचा झोत बाहेर एका वर्दळीच्या बोळावर पडत होता. तिथून जाणाऱ्यांना नाटक बघायचं नव्हतं, नुसता बाजार करायचा होता. सुमारे १८० लोक आजारी पडले, सात मेले.

तपासात निघालं ते अगदी साधं होतं. देखभालीच्या नव्या करारात पाण्यावर प्रक्रिया करण्याचं कामच धरलेलं नव्हतं. इशारे मिळाले होते, पण कोणी हललं नाही. जबाबदारी नेमकी कोणाची हे स्पष्ट नव्हतं, नोंदी धड नव्हत्या. मनुष्यवधाचा आरोप नगर परिषदेवर टिकला नाही. सुरक्षेचा कायदा मोडल्याबद्दल २००६ मध्ये तिला सव्वा लाख पौंड दंड झाला.

इथे कोणी म्हणेल, साचलेल्या पाण्याबद्दल आपल्या हदीसमध्ये आधीच सांगितलंय. साचलेल्या पाण्यात लघवी करू नका असं हदीसमध्ये आहे, खरं आहे. पण त्यात लीजनेला शोधणं मला पटत नाही. जंतू प्रयोगशाळेत, सुट्टीच्या दिवशीही काम करणाऱ्या माणसाला सापडला. आपल्या परंपरेतून घ्यायचा शब्द दुसरा आहे: अमानत. इमारत लोकांची आणि पाणीही लोकांचं. ज्याच्या हाती ते सोपवलं, त्याने जाब द्यायचा.

आमच्या मशिदीच्या सूचनाफलकावर पंखे देणाऱ्यांची, चटया देणाऱ्यांची, इफ्तारी देणाऱ्यांची नावं असतात. गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, हे मी एकदा जमातीच्या बैठकीत विचारलं. एकाने रमजानच्या आधी म्हटलं, दुसऱ्याने त्याच्याही आधीच्या रमजानला. मग एकजण उठला, नळ सोडून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, “भाईजान, पाणी तर साफ आहे.”

बॅरोमध्येही कोणी बघितलं असतं, तर कदाचित हेच म्हणाला असता. त्या बैठकीत मी फक्त एक वही मागितली: तारीख, काय केलं, कोणी केलं, आणि सही. चाळीस रुपयांची वही आहे. अजून आलेली नाही. येत्या जुम्म्याला मीच घेऊन जाणार आहे.