वाढीव रकाना

परवा भाचीने विचारलं, "मामा, फॉर्मवर 'आणखी एक जोडा' दाबलं की नवा रकाना येतो. तो सर्व्हरला कसा कळतो?" खरं तर कळत नाहीच! 'पाठवा' दाबल्यावर नावं आणि त्यांपुढची मूल्यं, एवढीच यादी त्याच्याकडे पोचते.

मग प्रत्येकाने आपापली वाट काढली. पीएचपीत नावापुढे चौकोनी कंस लावले की यादी तयार. जँगो फ्रेमवर्क एका लपवलेल्या रकान्यात एकूण संख्या मागतं. ती वाढवायला विसरून मी कितीदा ओळी गमावल्यात! रेल्स फ्रेमवर्कने २००९ साली, २.३ आवृत्तीत, मुख्य नोंदीबरोबर पोटनोंदी घ्यायची सोय केली.

पण येईल ते सगळं घ्यायचं का? मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्हने गिटहबच्या फॉर्ममध्ये स्वतःच एक रकाना घुसवला, त्यात दुसऱ्याचा वापरकर्ता क्रमांक भरला, आणि थेट रेल्सच्याच कोडमध्ये लिहायचा हक्क मिळवून दाखवला. २०१३ च्या रेल्स ४ पासून कोणते रकाने चालतील ते आधीच सांगावं लागतं.

असो. भाचीला म्हटलं, पंगतीत पानं खुशाल वाढव, पण बसलंय कोण तेही बघ.