कुलपाची वंशावळ

सेरोटोनिनला आपण ‘आनंदाचे रसायन’ म्हणतो, पण त्याचे बारसे झाले रक्तावरून. 1948 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी रक्ताच्या सीरममधून रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ वेगळा केला. ‘सीरम’ आणि ‘टॉनिक’ मिळून नाव झाले. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना तोच पदार्थ त्याआधी आतड्यात सापडला होता. मेंदूतले त्याचे अस्तित्व बेटी ट्वारोग आणि पेज यांनी 1953 साली दाखवले, आणि तेही शिंपल्यातल्या जिवाच्या हृदयावर चाचणी घेऊन. सस्तन प्राण्याच्या मेंदूतला रेणू शिंपल्याच्या हृदयाला ओळखता येतो, ही गोष्ट माझ्या मते साऱ्या नावांपेक्षा मोलाची आहे. या रेणूची खरी कुळकथा त्याला धरणाऱ्या ग्राहीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये, शोधायला हवी.

फळमाशीने ती उलगडून दाखवली. तिचा पहिला सेरोटोनिन ग्राही 1990 साली स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी शोधला. आज त्याला ‘सात’ क्रमांकाच्या कुळात धरतात. सस्तन प्राण्यांतला त्याचा भाऊबंद मात्र 1993 साली हाती आला. माशीत असे पाच ग्राही आहेत: 1ए, 1बी, 2ए, 2बी आणि 7. प्रत्येकाची प्रथिनसाखळी पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. तिसऱ्या फेऱ्यातले ऋणभारित अस्पार्टिक आम्ल सेरोटोनिनच्या धनभारित अमाइनला धरून ठेवते. रेणू खोबणीत बसला की ग्राहीचा आकार बदलतो आणि आतले जी-प्रथिन जागे होते. पुढचे काम कुळागणिक वेगळे: पहिले कुळ पेशीतले सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन घटवते, सातवे वाढवते, दुसरे कॅल्शियम मोकळे करते. त्यामुळे एकच रेणू एका चेतापेशीला शांत करतो, दुसरीला उठवतो.

कुणी म्हणेल, किल्लीसारखा रेणू एकच असल्यामुळे ग्राहींची ही कुलपे माशीत आणि माणसात स्वतंत्रपणे सारखी घडली असतील. पण माशीचा सातवा ग्राही तिच्याच 1ए किंवा 2एपेक्षा माणसाच्या सातव्याशी अधिक जुळतो. कुळांची ही फाटाफूट दोघांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीचीच असणार. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सस्तन प्राण्यांवर चालणारी कित्येक औषधे कीटकांच्या ग्राहींवर तशी चालत नाहीत. ते खरेच आहे, कारण खोबणीच्या कडेची मोजकी अमिनो आम्ले बदलली तरी औषधाची पकड सुटते. म्हणून माशीवरचा औषधाचा निष्कर्ष माणसाला थेट लावू नये. वंशावळ मात्र त्याने खोटी ठरत नाही. माशी आणि माणूस यांचा समाईक पूर्वज 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे, आणि ही कुलपे त्याच्याकडेही होती.