खिळ्यापासून युनिकोडपर्यंत : प्रकाशनाचे शिक्षण कशाचे असावे?

१/ मराठी ग्रंथप्रकाशनाचा पाया घालणारी माणसे कोणत्याही विद्यालयात प्रकाशन शिकली नव्हती. तरीही बदलत्या तंत्राशी त्यांनी जुळवून घेतले. प्रकाशनाचा अभ्यासक्रम कसा असावा, हे ठरवताना त्यांची उमेदवारी तपासून पाहावी.

२/ मुंबईतील अमेरिकन मिशनची छापील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजींनी शिळाछापाचा उद्योग आरंभिला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही घडवले. शाईत चरबी असते या शंकेने सोवळे वाचक छापील पोथीपासून दूर राहत; म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. यंत्राबरोबर त्यांना वाचकही कळत होता.

३/ जावजी दादाजी लहानपणी त्याच मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले. पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन १८६४ साली त्यांनी टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना.

४/ निर्णयसागरचा लौकिक सुबक अक्षरांपुरता नव्हता. ‘काव्यमाले’तील संस्कृत ग्रंथांसाठी पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक होते. टाइप घासण्यापासून पाठशुद्धीपर्यंतचा सारा व्यवहार एका छपराखाली आला.

५/ विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावरील अक्षरजुळणी आली. जुळाऱ्यांचे हातकौशल्य निरुपयोगी ठरले. परंतु जोडाक्षर कोठे बिघडते, रफार कोठे सरकतो, हे ओळखणारी त्यांची नजर नव्या पडद्यापुढेही हवी होती. खिळ्यांबरोबर तीही मोडीत निघाली.

६/ त्याची किंमत आज मोजावी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर थेट ई-पुस्तकात उतरत नाही. तो रूपांतरित करताना अक्षरे बिघडतात आणि प्रत्येक पान पुन्हा तपासावे लागते.

७/ जुळारी एकाच केसपुढे अडकून राहिला. जावजींना सारा छापखाना पाहता आला. एखाद्या सॉफ्टवेअरवर बेतलेला अभ्यासक्रम नवे जुळारीच घडवील. म्हणून संपादन, मुद्रितशोधन, लेखकाशी करार, हक्कांची विभागणी, खर्चाचा हिशेब आणि वाचकाची पारख हा अभ्यासक्रमाचा गाभा असावा. यंत्र त्या-त्या काळचे शिकवावे. आणि विद्यार्थ्याने किमान एक पुस्तक हस्तलिखितापासून विक्रीपर्यंत स्वतः न्यावे; ते छापील असो, ई-पुस्तक असो वा श्राव्य.